ध्वजावरील ताऱ्यांची गणती

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि ठाणे-कल्याणचा आपला प्रदेश महाराष्ट्र राज्यात आला. भारतातील राज्यांची संख्या चौदावरून पंधरा झाली. परंतु राष्ट्रध्वजात एका टाक्याचाही फरक करावा लागला नाही. त्याच वर्षी ४ जुलै रोजी अमेरिकेचा ध्वज मात्र बदलला. हवाई या नव्या राज्यासाठी त्यावर पन्नासावा तारा आला.

अमेरिकेने १७७७ मध्ये तेरा राज्यांसाठी तेरा तारे व तेरा पट्टे स्वीकारले. १७९५ मध्ये दोहोंची संख्या पंधरा झाली. राज्ये वाढतच राहिली, तेव्हा १८१८ च्या कायद्याने पट्टे पुन्हा तेरावर आणून कायम केले आणि प्रत्येक राज्याला एक तारा दिला. ताऱ्यांची मांडणी मात्र कायद्याने सांगितली नव्हती. कोणी त्यांच्या ओळी केल्या, कोणी वर्तुळ केले, तर कोणी लहान ताऱ्यांतून एक मोठा तारा साकारला. १९१२ मध्ये अठ्ठेचाळीस ताऱ्यांच्या सहा सारख्या ओळी ठरल्या. पन्नास ताऱ्यांसाठी सहा व पाच अशा आलटून पालटून नऊ ओळी योजल्या. जुने राज्य असो वा नवे, तारा सर्वांचा सारखाच!

आपल्याकडेही अशी गणती झाली होती. ७ ऑगस्ट १९०६ रोजी कलकत्त्यात फडकलेल्या ध्वजावर आठ प्रांतांची आठ कमळे होती. पण १९१२ मध्ये बंगाल पुन्हा एकत्र झाला, बिहार-ओरिसा व आसाम वेगळे झाले आणि तो हिशेब मोडला. पुढे १९१७ च्या सुमारास लोकमान्य टिळक व ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीच्या ध्वजावर सात तारे आले, तेही सप्तर्षींच्या आकृतीत. कोणत्याही राज्यकर्त्याला ज्यांची संख्या बदलता येणार नाही, असे ते तारे होते.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र असलेला तिरंगा स्वीकारला. त्या आऱ्यांचा प्रांतांच्या संख्येशी संबंध नाही. म्हणूनच १९८७ मध्ये गोवा, २००० मध्ये तीन नवी राज्ये आणि २०१४ मध्ये तेलंगणा आले, तरी घराघरांतला ध्वज जुना ठरला नाही.

आपल्या ध्वजात लहान राज्याला स्वतःचा तारा दाखवता येत नाही, हे खरे. पण भाषा आणि सीमा यांवरून आपल्याकडे किती कटुता आली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात किती बळी गेले, हे आठवले म्हणजे या ध्वजाचे मोल कळते. महाराष्ट्र आणि गुजरात एकाच दिवशी वेगळे झाले. ध्वज मात्र दोघांचाही तोच राहिला.