बैकलपारचा हिवाळा आणि धम्माचे रक्षण

आपल्या देशात धम्माचे वर्ष पावसावरून मोजले जाते. आषाढ पौर्णिमेनंतर वर्षावास सुरू होतो, आश्विन पौर्णिमेला त्याची सांगता होते, आणि उपासक आपापल्या कामाला लागतात. हा क्रम मध्यदेशाच्या हवामानातून जन्मला. परंतु जेथे जमीन जवळपास अर्धे वर्ष गोठलेली असते, तेथील बौद्धांनी आपले वर्ष कसे बांधले? आणि तथागतांचा धम्म त्यांनी कशाच्या बळावर टिकवला? सैबेरियातील बुर्यात समाजाच्या इतिहासातून या प्रश्नांचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

बुर्यात हे मंगोल वंशाचे लोक. बैकल सरोवराच्या दोन्ही बाजूंस त्यांची वस्ती आहे, आणि सरोवराच्या पूर्वेकडील बुर्यातांमध्ये बौद्ध धम्म विशेष रुजला. तेथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली तीस अंश आणि त्याहूनही खाली जाते. बैकल जानेवारीत गोठते आणि मे महिन्यापर्यंत बर्फाखाली राहते. बर्फाचा थर इतका जाड होतो की त्यावरून वाहने चालतात. गुरे, घोडे आणि मेंढ्या हेच या लोकांचे धन होते. थंडी पडू लागली की ते हिवाळी मुक्कामावर येत, जनावरांसाठी गवत साठवत आणि कुटुंबापुरते मांस व गोठवलेले दूध राखून ठेवत. त्यांच्या मांसाहाराला नावे ठेवण्यापूर्वी तेथील जमीन काय पिकवते, हे पाहिले पाहिजे.

या दीर्घ हिवाळ्यात तीन प्रसंग महत्त्वाचे. पहिला झुला खुराल. तिबेटी आचार्य त्सोंगखापा यांच्या स्मृतिदिनी, बहुधा डिसेंबरात, विहारांत आणि घरांत असंख्य दिवे लावले जातात. दुसरा दुगझुबा. वर्ष संपण्यापूर्वी विहाराच्या आवारात मोठा अग्नी पेटवतात आणि सरत्या वर्षातील सारे अनिष्ट त्यात जळून जाते, असे मानतात. तिसरा आणि सर्वांत मोठा प्रसंग सागालगान, म्हणजे श्वेतमास. हे चांद्र वर्षाचे पहिले दिवस. या दिवसांत दूध, साय आणि दही यांचे पांढरे पदार्थ प्रथम वाढतात. धाकटी माणसे दोन्ही हात पुढे करून वडीलधाऱ्यांच्या कोपरांना खालून आधार देतात आणि खदग नावाचे रेशमी वस्त्र अर्पण करतात. वर्षभराचे रुसवे या भेटीत मिटवावेत, असा संकेत आहे.

या समाजाचा धम्म राजसत्तेने प्रथम मान्य केला आणि मागाहून मोजला. 1741 मध्ये सम्राज्ञी एलिझाबेथच्या आज्ञेने 11 विहार आणि 150 लामा यांना मान्यता मिळाली. 1764 मध्ये दाम्बा दर्झा झायाएव हे पहिले पंडित खाम्बो लामा झाले. पुढे 1853 च्या नियमावलीने 34 विहार आणि 285 लामा अशी मर्यादा घातली. सत्तेने दिलेली मान्यता सत्तेच्या वहीत आकडा होऊन बसते, आणि तो आकडा खोडण्याचा अधिकारही सत्ता आपल्याच हाती ठेवते. तरीही या विहारांत तत्त्वज्ञान व वैद्यक शिकवले जाई आणि लाकडी ठशांवरून ग्रंथ छापले जात.

क्रांतीनंतर काही वर्षे आशेची होती. 1928 मध्ये लेनिनग्राड येथे आचार्य श्चेरबात्स्की यांच्या नेतृत्वाखाली बौद्ध संस्कृतीची संशोधन संस्था उभी राहिली. गोव्यात जन्मलेले आणि मराठीत बुद्धचरित्र लिहिणारे धर्मानंद कोसंबी 1929 मध्ये याच शहरी पाली भाषेच्या अध्यापनासाठी गेले होते. 1930 मध्ये ती संस्था स्वतंत्र राहिली नाही. मग आघात बुर्यात भूमीवर झाले. 1930 नंतरच्या दशकात विहार एकामागून एक बंद पडले. लामांना कैद झाली, अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. पीटर्सबर्गचा विहार उभारणारे अग्वान दोर्झिएव यांचा जानेवारी 1938 मध्ये बंदिवासातच अंत झाला. याच काळात जुनी मंगोल लिपी जाऊन प्रथम लॅटिन आणि 1939 मध्ये रशियन लिपी आली. विहार पाडला तर तो पुन्हा बांधता येतो. परंतु लिपी बदलली की नातवाला आजोबांच्या पेटीतील ग्रंथ वाचता येत नाही.

अशा काळात वृद्धांनी मूर्ती आणि पोथ्या लपवून ठेवल्या. श्वेतमास आला की घराचे दार लावून पांढरे अन्न वाढले, दिवा लावला. 1945 च्या डिसेंबरात उलान-उदेजवळ इवोल्गा येथे एका साध्या लाकडी घरात पुन्हा विहार सुरू झाला, तेव्हा त्यात येण्यासाठी माणसे उरली होती, ती या घरांमुळे.

मात्र घराने सर्व काही राखले नाही. दुगझुबाच्या अग्नीचेच पाहा. वत्थूपम सुत्तात भगवान बुद्ध सांगतात की नदीच्या स्नानाने पापकर्म धुतले जात नाही. मग ते अग्नीत तरी कसे जळेल? अग्नी पाहून माणसाने आपले चित्त तपासावे, असे सांगणारा जाणता आचार्य जवळ असेल तर तो प्रसंग बोध ठरतो. नसेल तर केवळ कर्मकांड उरते. बिदिया दांदारोन यांनी हे जाणले होते. अनेक वर्षे तुरुंगात काढूनही त्यांनी उलान-उदे येथे तिबेटी ग्रंथांचे अध्ययन केले आणि तरुणांना शिकवले. 1972 मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली आणि 1974 मध्ये श्रमछावणीतच त्यांचे निधन झाले. दिवा लावणाऱ्या वृद्धेला सत्तेने एकवेळ सोडले, पण ग्रंथ शिकवणाऱ्याला सोडले नाही. सत्तेला भय कशाचे वाटते, हे यावरून कळते.

1990 मध्ये बुर्यातियात सागालगानला पुन्हा सार्वजनिक मान्यता मिळाली आणि 1991 मध्ये इवोल्गा येथे बौद्ध विद्यालय सुरू झाले. आधी सण परतला, मग शाळा आली. हा क्रम अपूर्ण राहिला नाही, हे त्या समाजाचे भाग्य.

आपल्यासाठी यात इशारा आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1950 मध्ये महाबोधी नियतकालिकातील लेखात भिक्खूंच्या संख्येपेक्षा त्यांच्या विद्वत्तेचा आणि सेवावृत्तीचा आग्रह धरला होता. 14 ऑक्टोबर 1956 नंतर आपण घराघरांत वंदना नेली, जयंत्या आणि पौर्णिमा साजऱ्या केल्या. हे मोलाचे आहे, आणि संकटकाळी तेच तग धरील, हे बुर्यातांच्या माताभगिनींनी दाखवून दिले. परंतु आमच्या विहारात उत्सवाला जेवढी गर्दी होते, तेवढी ग्रंथवाचनाला होते काय? या प्रश्नाचे उत्तर आपण प्रत्येकाने आपल्या विहारात बसून शोधावे. आपल्यावर तसा हिवाळा आलेला नाही. तो येण्यापूर्वीच ग्रंथ वाचणारे हात तयार झाले पाहिजेत.