पाप, गुन्हा आणि मौन : समलिंगी संबंधांविषयीच्या कायद्यांतील सहिष्णुतेच्या मर्यादा

'सहिष्णुता' या शब्दाच्या मुळाशी 'सह्' हा धातू आहे. जे आवडत नाही, पटत नाही, तेच सोसावे लागते. प्रिय गोष्ट सहन करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सहिष्णुतेत म्हणूनच एक नापसंती गृहीत असते, आणि किती सोसावयाचे हे ठरविण्याचा अधिकार सोसणाऱ्याकडेच राहतो. समलिंगी संबंधांविषयीच्या इंग्रजी व भारतीय कायद्यांचा इतिहास या दृष्टीने तपासला असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. धर्मश्रद्धा आणि दंडसत्ता यांची फारकत होऊ शकली. परंतु त्या फारकतीची किंमत म्हणून विधिमंडळांनी वारंवार मौनाची अपेक्षा केली, किंवा स्वतःच मौन पाळले.

इंग्लंडमध्ये १५३३ पर्यंत या आचरणाचा विचार धर्मपीठाच्या न्यायालयांत होत असे. त्या वर्षी आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटने तो राजसत्तेच्या कक्षेत आणला आणि देहान्ताची शिक्षा ठरविली. पापाचे गुन्ह्यात रूपांतर झाले ते असे. देहान्ताची तरतूद तेथे १८६१ पर्यंत टिकली. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा सादर केला, त्यातही या विषयाची कलमे होती. इतर कलमांवर विस्ताराने भाष्य करणाऱ्या आयोगाने येथे मात्र स्पष्टीकरण देण्याचे टाळले. अशा विषयाची जाहीर चर्चा नीतीला हानिकारक ठरेल, असे कारण त्यासाठी दिले गेले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ पुढे १ जानेवारी १८६२ पासून अमलात आले. 'निसर्गक्रमाविरुद्ध' या त्यातील संज्ञेमागे ख्रिस्ती धर्मशास्त्राची दीर्घ परंपरा होती; संहितेने तिची व्याख्या केली नाही. ज्या समाजांना तो कायदा लागू झाला, त्यांच्या धर्मशास्त्रांत या आचरणाचा विचार कसा केला गेला आहे, याची विचारपूसही झाली नाही.

इंग्लंडमध्ये ही गाठ सैल करण्यात धर्मपीठाचाच वाटा होता, हे सहसा विसरले जाते. १९५४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या नैतिक कल्याण परिषदेने प्रचलित कायद्याचा फेरविचार व्हावा, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षी नेमल्या गेलेल्या वुल्फेंडन समितीने सप्टेंबर १९५७ च्या अहवालात प्रौढांमधील संमतीचे खासगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळण्याची शिफारस केली. पाप आणि गुन्हा या दोन कोटी असून खासगी नीतीचे एक क्षेत्र कायद्याच्या अधिकाराबाहेर राहिले पाहिजे, हा तिचा युक्तिवाद होता. लॉर्ड डेव्हलिन यांनी १९५९ च्या व्याख्यानात त्याला आक्षेप घेतला : समान नीतिकल्पनांवाचून समाज टिकत नाही, म्हणून त्यांच्या रक्षणाचा अधिकार कायद्याला असलाच पाहिजे. एच. एल. ए. हार्ट यांनी त्याला उत्तर दिले. बहुसंख्यांची घृणा ही हानीचा पुरावा ठरू शकत नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्से यांनी उमरावसभेत सुधारणेला पाठिंबा दिला, तो असे आचरण पाप आहे हे मत न सोडता. श्रद्धावंताला आपली श्रद्धा न टाकताही शिक्षेला विरोध करता येतो, याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

१९६७ च्या कायद्याने सुधारणा घडली. पण ती किती बेताची होती हे तपशिलांवरून दिसते. वयाची अट २१ वर्षांची होती, विषमलिंगी संबंधांसाठी ती १६ होती. 'खासगी' या शब्दाचा अर्थ इतका संकुचित होता की तिसरी व्यक्ती उपस्थित असली की सवलत संपे. सैन्यदले व व्यापारी नौदल वगळलेले होते. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांना तो लागूच नव्हता. विधेयकाचे उमरावसभेतील पुरस्कर्ते लॉर्ड ॲरन यांनी ते संमत होताना समलिंगी व्यक्तींना आवाहन केले, की त्यांनी आपली कृतज्ञता शांत, संयत व गाजावाजाविरहित वर्तनाने व्यक्त करावी. मुक्ती देणाऱ्याच्याच मुखातून आलेली ही अट सहिष्णुतेचे खरे स्वरूप उघड करते : शिक्षा मागे घेतली जाईल, परंतु दिसणे आणि बोलणे यांची परवानगी त्यात अंतर्भूत नाही.

इंग्लंडने कायदा बदलला तरी त्याची भारतीय प्रत तशीच राहिली. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये आले, तेव्हा भारतीय संसदेत या विषयाला वाचा फुटलेली नव्हती. स्त्रीचे स्त्रीविषयीचे प्रेम येथे कथिले जाते ते बापू या मित्राच्या निवेदनातून. नायिकेचे दुःख सहानुभूतीने पाहणाऱ्याच्या स्वरातच आपल्यापर्यंत पोहोचते. सहन करणारा बोलतो आणि जिचे जीवन पणाला लागले आहे ती बोलण्याची वाट पाहते, ही रचना कायद्याच्या इतिहासालाही लागू पडते.

नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी निकाल देऊन प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. त्या निकालपत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणातील 'सांविधानिक नीती'च्या संकल्पनेचा आधार घेतला होता. ही नीती उपजत नसते, ती जोपासावी लागते, हा आंबेडकरांचा मुद्दा येथे लोकनीतीच्या विरुद्ध उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयात या निकालाला आव्हान देणाऱ्यांत एक ज्योतिषी, अखिल भारतीय मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळ आणि काही ख्रिस्ती संघटना होत्या. एरव्ही परस्परांपासून दूर असलेल्या श्रद्धा या एका मुद्द्यावर एकत्र आल्या. सर्वच धर्माधिकाऱ्यांचे मत असे नव्हते. न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी कलम पूर्ववत केले, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, चर्च समलिंगी विवाहाला मान्यता देत नसले तरी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, असे स्पष्ट केले. रॅम्से यांच्या भूमिकेचा हा भारतीय प्रतिध्वनी म्हणता येईल.

कायदा बदलावयाचा असल्यास संसदेने बदलावा, असे २०१३ च्या निकालाने म्हटले होते. संसदेचे उत्तर बोलके आहे. शशी थरूर यांचे खासगी विधेयक १८ डिसेंबर २०१५ रोजी लोकसभेत मांडण्याच्या टप्प्यावरच ७१ विरुद्ध २४ मतांनी फेटाळले गेले. विधेयक अमान्य होणे निराळे आणि त्यावर चर्चाच नाकारणे निराळे. पुढे २०१८ मध्ये केंद्र शासनाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांबाबतचा प्रश्न न्यायालयाच्या विवेकावर सोडला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नवतेज सिंग जोहर खटल्यात असे संबंध एकमताने गुन्हेमुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र विवाहाचा मूलभूत हक्क नाकारून न्यायालयाने तो विषय विधिमंडळाकडे परत पाठविला. इंग्लंड व वेल्ससाठीच्या २०१३ च्या कायद्याने विवाहाचा हक्क देतानाच, ज्या धर्मपीठांना असे विवाह लावणे मान्य नाही त्यांना संरक्षण दिले. श्रद्धेचे क्षेत्र आणि नागरिकाचा हक्क यांची सीमा तेथे चर्चेतून आखली गेली. येथे ती आखण्याचे काम अद्याप झालेले नाही.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ नाही. संमतीविना झालेल्या कृत्यांपुरती तरतूद राखावी, अशी संसदीय स्थायी समितीची शिफारस होती. तीही स्वीकारली गेली नाही. परिणामी प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्कारासाठी नव्या संहितेत स्वतंत्र कलम उरलेले नाही. १८३७ मध्ये ज्या विषयाची चर्चा टाळून कायदा रचला गेला, तोच विषय १८६ वर्षांनंतर नव्या संहितेत अनुल्लेखाने संपविला गेला. पाप आणि गुन्हा यांना वेगळे करणे हा सहिष्णुतेचा मोठा विजय होता, यात शंका नाही. परंतु ज्याचा कायदा उच्चारच करीत नाही, त्याला शिक्षा होत नाही, तसे संरक्षणही मिळत नाही. सहिष्णुतेची मर्यादा ती हीच.