देणारीची ओटी

परळला के. ई. एम. रुग्णालय आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. दोन्हींची सुरुवात १९२६ सालची. ठाकूरद्वारापासून लालबागपर्यंतच्या मराठी वस्तीला ही नावे घरचीच. १९६५ साली के. ई. एम.मध्ये मृत दात्याचे मूत्रपिंड रुग्णाला बसवण्याचा देशातला पहिला प्रयत्न झाला. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की रुग्ण जगेल का. रुग्ण बाई असेल तर पुढे तिची कूस उजवेल का, हा प्रश्न नंतरचा.

अमेरिकेत त्याचे पहिले उत्तर मिळाले होते. १९५६ मध्ये बॉस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी एका तरुणीला तिच्या जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड बसवले आणि मार्च १९५८ मध्ये तिला मुलगा झाला. प्रत्यारोपणानंतरचे हे जगातले पहिले नोंदलेले बाळंतपण.

मूत्रपिंडे निकामी झाली की संप्रेरकांचा तोल ढळतो, पाळी अनियमित होते किंवा थांबते. दिवस राहिलेच तर गर्भ टिकणे अवघड. नवे मूत्रपिंड नीट चालू लागले की बहुतेकींची पाळी काही महिन्यांत परतते. मात्र जुळ्या बहिणीचे दान क्वचितच मिळते. बाकीच्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांपैकी मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग येऊ शकते, म्हणून दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी ते बदलतात. अवयव स्थिरावेपर्यंत साधारण वर्षभर थांबण्याचा सल्लाही देतात. जगभरातल्या ४,७०६ गर्भारपणांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७४ टक्के वेळा बाळ जिवंत जन्मले. पण जवळपास निम्मी बाळंतपणे दिवस भरण्याआधी झाली आणि २७ टक्के गर्भारपणांत रक्तदाबाचा गंभीर विकार उद्भवला.

महाराष्ट्राने या इतिहासात एक पान जोडले. मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने देशातले पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. तिथेच १८ ऑक्टोबर २०१८ रोजी, आईकडून मिळालेल्या गर्भाशयातून एका तरुणीला १,४५० ग्रॅम वजनाची मुलगी झाली. जिथे आई वाढली, तिथेच लेक वाढली.

या कौतुकात देणारी मात्र मागे राहते. पुण्यातल्या त्या आजीचे बाळंतपणाचे दिवस सरले होते. मूत्रपिंड देणारी बहीण किंवा बायको पुष्कळदा ऐन तारुण्यात असते. देशात २०१८ ते २०२३ या काळात जिवंतपणी अवयव देणारे सुमारे ५६ हजार. त्यांत स्त्रिया ३६ हजारांहून अधिक. अवयव मिळालेल्या स्त्रिया मात्र १७ हजारांच्या आसपास. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात मूत्रपिंड दिलेल्या स्त्रियांच्या ११ टक्के गर्भारपणांत रक्तदाबाचा त्रास आढळला. तशाच निरोगी, पण दान न केलेल्या स्त्रियांत हे प्रमाण ५ टक्के होते. बहुतेकींचे बाळंतपण सुखरूप झाले, म्हणून दानाला भिण्याचे कारण नाही. पण देणारीला हा आकडा सहीआधी सांगितला पाहिजे.

घेणारीला डॉक्टर विचारतात, 'मूल हवंय का?' घरच्या माणसासाठी मूत्रपिंड देऊ करणाऱ्या पंचविशीतल्या बाईलाही हाच प्रश्न विचारायला हवा. आणि तोही घरचे खोलीबाहेर असताना.