उबादांचं धनुष्य

हिजरत करून मदीनेत आलेल्या अनेकांना तिथं ना घर होतं, ना नातलग. त्यांच्यासाठी मस्जिद-ए-नबवीत छपराखाली जागा केली गेली, तीच सुफ्फा. आजच्या भाषेत निर्वासितांची छावणी, पण तिथं शाळाही भरे. मदीनेचे रहिवासी हजरत उबादा बिन सामित (रजि.) तिथल्या लोकांना लिहायला आणि कुरआन वाचायला शिकवत. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात नोंद आहे, की एका शिष्यानं त्यांना धनुष्य भेट दिलं. हे काही धन नव्हे, असं उबादांना वाटलं. तरी त्यांनी प्रेषितांना (स.) विचारलं. ते घेण्याविरुद्ध कडक इशारा मिळाला.

शिक्षकानं वेतन घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. अनेक फकीहांनी ते जायज मानलं आहे. पण ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याकडून काय घ्यायचं?

मग उबादांना काय मिळालं? हजरत उमर (रजि.) यांच्या काळात शामच्या लोकांना कुरआन शिकवायला जे निवडले गेले, त्यांत ते होते. सुफ्फ्यात शिकवता शिकवताच हा शिक्षक घडला होता.

आज तुर्कस्तानात शिकायला गेलेले काही परदेशी विद्यार्थी त्याच शामच्या निर्वासित मुलांना शिकवतात. प्रमाणपत्र हे त्यांचं धनुष्य. खरी कमाई त्याहून मोठी आहे.