परस्परनिर्देशाचा प्रश्न : गावदप्तर आणि संगणक

वैभववाडी तालुक्यातील एखाद्या गावाचे महसुली दप्तर पाहिले असता असे दिसते की, गाव नमुना सात भूमापन क्रमांकावार असून त्यात खातेदाराचा निर्देश असतो; उलट नमुना आठ-अ खातेवार असून त्यात जमिनींचा निर्देश असतो. जमीन खात्याकडे बोट दाखविते, खाते जमिनीकडे. तरीही दप्तर आटोक्यात राहते. कारण एका नमुन्यात दुसऱ्याचा केवळ क्रमांक येतो, समग्र नोंद येत नाही.

संगणकाच्या स्मृतीतही माहितीच्या नोंदी अशाच एकमेकींकडे निर्देश करतात. परंतु स्मृतीतील पत्ता त्या यंत्रापुरताच खरा. नोंद दुसऱ्या यंत्राकडे धाडावयाची तर ती एका ओळीत लिहून काढावी लागते. यालाच सीरियलायझेशन म्हणतात. तेथे निर्देशाच्या जागी मूळ मजकूरच उतरवू लागल्यास जमिनीत खाते, खात्यात पुन्हा तीच जमीन, असे लेखन कधी संपावयाचेच नाही.

हा प्रश्न आंतरजाल सेवांच्या पूर्वीचा आहे. हर्लिही व लिस्कोव्ह यांनी १९८२ साली त्याची चर्चा केली. १९८४ च्या कॉमन लिस्पमध्ये एकदा लिहिलेल्या वस्तूला अंक देऊन पुढे तो अंकच लिहिण्याची सोय होती. १९९७ च्या जावा १.१ नेही तोच मार्ग धरला. २००० सालच्या सोप १.१ मध्ये आंतरजाल सेवांसाठी अशी खूण व निर्देश आले. परंतु निरनिराळ्या प्रणालींचा मेळ बसावा म्हणून २००४ च्या ‘बेसिक प्रोफाइल’ने ती संकेतपद्धती वर्ज्य ठरविली. पुढे रूढ झालेल्या जेसनमध्ये तर निर्देशाला चिन्हच नाही. जावास्क्रिप्टमधील त्याचे नेहमीचे लेखन चक्र आढळताच चूक दाखवून थांबते.

यावर परतीचा दुवा गाळणे हा सोपा उपाय होय, व दुसऱ्या टोकास तो पुन्हा जोडता येत असेल तर तो निर्दोषही आहे. नोंदीच्या नकला करून वेळ मारून नेणे मात्र घातक. कोकणात एकाच सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदार आढळतात. त्यांतील एकाच व्यक्तीच्या दोन नकला झाल्या की पलीकडे दोन व्यक्ती उभ्या राहतात, आणि वारसाची नोंद एकीवर होऊन दुसरी तशीच राहते. चक्र नसतानाही हा दोष संभवतो, हे बहुधा ध्यानात घेतले जात नाही.

अर्थात क्रमांकालाही मर्यादा आहेच. खाते क्रमांक गावापुरता असतो. तालुक्याबाहेर धाडताना गाव, तालुका व जिल्हा जोडल्यावाचून तो निरर्थक ठरतो. २०१४ साली मान्य झालेल्या जेसन-एलडीने प्रत्येक नोंदीस जगभर चालेल असा पत्ता देण्याची सोय केली, ती याच उणिवेपोटी.