कोळशानें वसविलेलें गांव

उत्तर अक्षवृत्ताच्या ७८ अंशांवर, स्वालबार्द नांवाच्या द्वीपसमूहांत, लाँगयरबियेन हें लहानसें गांव आहे. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तेथें सूर्य मावळत नाहीं आणि हिंवाळ्यांत कित्येक आठवडे तो उगवत नाहीं. अशा ठिकाणीं आज देशोदेशींचे प्रवासी कुत्र्यांच्या घसरगाड्यांतून हिंडावयास व हिमनद्यांवर चालावयास हौसेनें जातात. याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु त्याहून नवलाची गोष्ट ही कीं, हें गांव हौसेसाठीं मुळींच वसलेलें नाहीं.

१५९६ सालीं पूर्वेकडे जाण्याचा उत्तरमार्ग शोधीत असतां विलेम बारेंट्स या डच नाविकाच्या तांड्यास हा प्रदेश दिसला. पुढच्या शतकांत देवमाशांच्या चरबीच्या लोभानें डच व इंग्रज तेथें लोटले आणि त्यांनीं किनाऱ्याजवळचे देवमासे जवळजवळ संपविले. १९०६ सालीं जॉन मन्रो लाँगयर या अमेरिकन भांडवलदाराच्या कंपनीनें कोळशासाठीं हें गांव वसविलें. १९१६ सालीं तें नॉर्वेच्या एका कंपनीकडे गेलें. तेथें शेत नाहीं, वृक्ष नाहीं, मूळचा रहिवासीही नाहीं.

१९२० सालीं पॅरिसमध्यें झालेल्या तहानें हीं बेटें नॉर्वेच्या सत्तेखालीं आलीं. मात्र तहांतील सर्व राष्ट्रांच्या प्रजाजनांस तेथें उद्योग करण्याची समान मुभा राहिली. त्या तहावर ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून हिंदुस्थानच्या वतीनेंही सही झाली होती. २००८ सालीं न्यू-ओलेसुंद येथें भारतानें 'हिमाद्रि' हें संशोधनकेंद्र उघडलें. या बेटांचा युद्धासाठीं उपयोग होऊं नये, असेंही तहांत म्हटलें होतें. तरी १९४३ सालीं जर्मन युद्धनौकांनीं लाँगयरबियेनवर तोफा डागल्याच.

कोळशाची किंमत मजुरांनीं दिली. १९६२ सालीं न्यू-ओलेसुंदच्या खाणींतील स्फोटांत २१ माणसें मेलीं आणि पुढच्याच वर्षीं ती खाण मिटली. लाँगयरबियेनजवळची अखेरची नॉर्वेजियन खाण २०२५ सालीं बंद झाली. १९४६ पूर्वीचे मानवी अवशेष कायद्यानें रक्षिलेले असल्यामुळें कोळसा वाहणाऱ्या पाळण्यांचे लांकडी मनोरे आजही डोंगरउतारांवर उभे आहेत. प्रवासी पांढऱ्या अस्वलाच्या भयानें बंदूकधारी वाटाड्यासह त्यांच्याखालून जातो.

प्रवाशाच्या या हौसेस दोष द्यावा काय? मला तसें वाटत नाहीं. खाणी गेल्यावर गांव जगावयाचें तर कांहीं उद्योग हवाच. परंतु तो प्रदेश आज पृथ्वीच्या सरासरीहून पुष्कळ अधिक वेगानें तापत आहे, आणि ज्या कोळशानें गांव जन्मास आलें, तसल्याच इंधनांचा त्यांत मोठा भाग आहे. २०१५ च्या डिसेंबरांत डोंगरावरून कोसळलेल्या हिमानें गांवांतील घरें मोडलीं व दोन जीव घेतले. जो प्रवासी तेथें केवळ शुभ्र शोभा पाहून परततो, त्यानें गांव अर्धेंच पाहिलें. त्या मनोऱ्यांपाशीं घटकाभर थांबून ते कोणी व कशासाठीं उभारले हें विचारावें, एवढें तरी त्या मजुरांचें देणें आपण लागतों.