आरशातून निघालेला प्रतिनायक

प्रतिनायकाचा विचार आपल्या साहित्यशास्त्राने बहुतांशी नायकाच्या सोयीने केला. शत्रूचे कुल, शौर्य, विद्या यांचे आधी वर्णन करावे आणि मग नायकाने त्याला जिंकल्याचे सांगावे, म्हणजे नायकाचा उत्कर्ष साधतो, असे दंडीने 'काव्यादर्शा'त म्हटले. धनंजयाच्या 'दशरूपका'ने प्रतिनायकाला धीरोद्धत ठरवून त्याचे दुर्गुण सांगितले. एकाने त्याला थोर केले, दुसऱ्याने हीन. परंतु दोघांच्याही लेखी तो नायकाचे माप घेण्याचे साधनच आहे. नायक आणि प्रतिनायक या दोन पृथक् व्यक्ती आहेत, हे गृहीतक या मांडणीत तपासले जात नाही. युरोपीय कथेने एकोणिसाव्या शतकात ते तपासले. पो याची 'विल्यम विल्सन' (१८३९), दस्तयेवस्कीची 'द डबल' (१८४६) आणि स्टीव्हन्सनची जेकिल-हाइडची कथा (१८८६) ही त्याची ठळक उदाहरणे होत. या परंपरेचा एक धागा पुढे अगदीच अनपेक्षित ठिकाणी, एका संगणक-खेळात सापडतो. प्रस्तुत लेखात त्या खेळाचा विचार करावयाचा आहे.

जॉर्डन मेकनर या तरुण अमेरिकी रचनाकाराचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ ब्रॉडरबंड या कंपनीने १९८९ साली ॲपल २ या संगणकासाठी प्रसिद्ध केला. त्याचे कथानक अरबी सुरस कथांच्या पठडीतले आणि खरे तर बेताचेच आहे. सुलतान युद्धावर गेलेला असतो. वजीर जाफर राजकन्येला कोंडून विवाह किंवा मृत्यू यांतून एक निवडण्यास तासाभराची मुदत देतो. तळघरात डांबलेल्या एका परदेशी तरुणाने साठ मिनिटांत तिच्यापर्यंत पोहोचावयाचे असते. (शीर्षकातला 'राजपुत्र' तो शेवटी विवाहानेच होतो, आरंभी तो कोणीही नाही, हे सहसा लक्षात येत नाही.) खेळ गाजला तो कथानकामुळे नव्हे, तर नायकाच्या हालचालींमुळे. मेकनरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यातली एकेक मुद्रा गिरवून संगणकात उतरवली. तलवारबाजीचे पवित्रे १९३८ च्या 'रॉबिन हूड' चित्रपटातल्या एरॉल फ्लिन व बेसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वावरून घेतले. म्हणून हा नायक धापा टाकल्यासारखा धावतो, कठड्याला लोंबकळतो, अंदाज चुकला की जिवंत माणसासारखा कोसळतो.

या जिवंतपणाची किंमत होती. मेकनरने पुढे सांगितल्याप्रमाणे त्याच्या हाताशी ४८ किलोबाइट स्मृती होती, आणि नायकाच्या मुद्रांनी ती जवळजवळ व्यापून टाकली. दुसऱ्या कोणा पात्राला जागाच उरली नाही. आधीचा 'कराटेका' (१९८४) सर्वस्वी द्वंद्वांवर उभा होता. नवा खेळ तसा नसावा, असाही त्याचा मानस होता. परंतु सहकारी टोमी पिअर्स हिने शत्रू हवाच, असा आग्रह धरला. तेव्हा नायकाचीच चित्रे किंचित सरकवून त्यांच्यावरच अशा रीतीने चढवण्यात आली, की जेथे दोन्ही प्रती जुळतात तेथे काहीच दिसू नये. उरते ती थरथरणारी, पोकळ बाह्यरेषा. नव्या चित्राचा एकही बिंदू न खर्चता प्रतिपक्ष उभा राहिला. पहारेकरी त्यानंतर आले. नट कमी पडले की एकाच नटाला दोन सोंगे देणारी नाटक मंडळी आपल्या परिचयाची आहे. येथे घडले ते त्याच जातीचे.

वाङ्मयेतिहासकाराला ही हकिगत अडचणीची वाटेल. द्वितीय-मी, दमित वासना, युंगप्रणीत छाया अशी परिभाषा घेऊन तो येतो, आणि मूळ कारण स्मृतीच्या टंचाईत सापडते. तथापि निर्मितीचे कारण क्षुल्लक ठरले म्हणून निर्मितीचा अर्थ क्षुल्लक ठरत नाही. नायक इतका संपूर्ण झाला की दुसऱ्याला अवकाश राहिला नाही, म्हणून वैरी त्याच्यातूनच काढावा लागला. हे वाक्य तांत्रिक वृत्तान्त म्हणून खरे आहे आणि मानसशास्त्रीय विधान म्हणूनही.

आता या सावलीची कृत्ये पाहू. चौथ्या टप्प्यात बाहेर पडण्याच्या वाटेवर एक आरसा आडवा येतो. तो टाळता येत नाही. धावत जाऊन त्यातून उडी घ्यावी लागते. नायक एका बाजूला उतरतो, त्याची सावली विरुद्ध दिशेला निघून जाते, आणि नायकाची प्राणशक्ती एका मात्रेवर येते. पाचव्या टप्प्यात खेळाडू पाहत असताना ती प्राणवर्धक रसाची कुपी पिऊन टाकते. सहाव्यात ती जमिनीतल्या कळीवर पाय देते, दार बंद होते आणि नायक खाली कोसळतो. या कृत्यांत दुष्ट असे काय आहे? कुप्या पिणे, कळींवर पाय देऊन दारे उघडणे-मिटणे हेच तर नायक आरंभापासून करीत आला आहे. सावलीची एकही क्रिया नायकाच्या क्रियांच्या कोशाबाहेरची नाही. धनंजयाच्या प्रतिनायकाजवळ स्वतःचे दुर्गुण तरी असतात. हिच्याजवळ तेही नाहीत. तिचे 'खलत्व' एवढेच, की त्या क्रिया खेळाडूच्या बोटांच्या आज्ञेत नाहीत.

बाराव्या टप्प्यात ती वाट अडवून समोर उभी राहते. तोवर पहारेकऱ्यांशी झालेल्या झुंजींनी खेळाडूच्या हाताला सवय लागलेली असते: समोर आकृती दिसली की तलवार उपसावी. तो वार करतो. वार लागतो, आणि दोघांच्याही प्राणांची एकेक मात्रा उतरते. आणखी वार, आणखी घट. सावली मेली की नायकही मेला. सुटकेचा मार्ग एकच: तलवार म्यान करावी. सावलीही म्यान करते. मग तिच्या अंगावर चालत जावे; दोघे एक होतात. पुढची दरी पूल नसताना ओलांडता येते, पाऊल पडेल तेथे फरशी उमटत जाते.

पो याच्या कथेतही प्रतिरूपावर केलेला वार स्वतःवरच उलटतो. पण ते वाचकाला कळते तेव्हा कृत्य घडून गेलेले असते आणि ते विल्सनचे असते. भट्टनायक-अभिनवगुप्तांच्या साधारणीकरणात प्रेक्षक भावाचा भागीदार होतो. कृतीचा कर्ता होत नाही, आणि आस्वादाला हे अंतर आवश्यकच आहे. येथे मात्र प्रेक्षक आणि नट एकच आहेत. वार खेळाडूने केलेला असतो, आणि ज्या कौशल्याने त्याला अकरा टप्पे पार नेले तेच आता त्याला मारू पाहते. सावली आव्हान देते ते नायकाच्या शौर्याला नव्हे, खेळाडूच्या हाताच्या वळणाला. केवळ कथानक सारांशाने वाचणाऱ्या समीक्षकाच्या हाती यातले काही लागणार नाही. त्याला 'नायक आपल्या छायेशी समेट करतो' एवढेच दिसेल. ते कोणत्याही बोधकथेत दिसते.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. जपानी 'झेल्डा २' (१९८७) मध्ये अखेरचा शत्रू नायकाची काळी आकृतीच आहे. पण तेथे तिला लढूनच हरवायचे असते. आरसा आहे, प्रश्न नाही. उलट मेकनरचा खेळही आपल्या शोधाशी अखेरपर्यंत प्रामाणिक राहत नाही. सावलीशी ऐक्य झाल्यावर जाफर उरतोच, आणि त्याला नेहमीच्या रीतीने तलवारीनेच मारावे लागते. म्यान केलेली तलवार पाचदहा क्षणांत पुन्हा बाहेर येते. दंडीची व्यवस्था पूर्ववत सुरू होते. माझ्या मते ही रचनेतली खरी उणीव आहे. लोकप्रिय कथेला परका खलपुरुष सोडवत नाही, एवढेच त्याचे स्पष्टीकरण देता येईल.

या मालिकेतील पुढच्या खेळांनी हे सूत्र दोनदा हाताळले. 'वॉरियर विदिन' (२००४) मध्ये नायकाचा माग काढणारी भेसूर आकृती ही पुढे तोच स्वतः होणार असतो. आधी पाहिलेले प्रसंग खेळाडूला दुसऱ्या बाजूने पुन्हा खेळावे लागतात, आणि पूर्वी जिची धास्ती घेतली तिच्याच पायांनी तो चालतो. 'द टू थ्रोन्स' (२००५) मध्ये अंधारा राजपुत्र नायकाच्या देहातच राहतो, अखंड बोलतो, टोमणे मारतो, नायकाच्या अहंतेचे विश्लेषणही करतो. शेवटी त्याच्याकडे पाठ फिरवून प्रकाशाकडे चालत जाणे हाच त्याच्यावरचा विजय ठरतो. म्हणजे म्यान केलेल्या तलवारीची युक्ती येथेही आहे. पण ती येण्यापूर्वी तिचा अर्थ संवादांतून इतक्या वेळा सांगून झालेला असतो, की हाताला शोधण्यासारखे काही राहत नाही. १९८९ ची सावली पूर्ण खेळात एक शब्दही बोलत नाही.